शेवंताचा ढावलो

वसमतमध्ये हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. मी एका आईशी खोटं बोललो. तेही तिच्या मेलेल्या लेकीच्या आवाजाबद्दल.

माझं कॅसेटचं दुकान होतं. लग्नसराईत लाऊडस्पीकरही भाड्यानं द्यायचो. एका गिऱ्हाइकाच्या मेहुण्यानं दक्षिण आफ्रिकेतून, डर्बनहून, नाचाच्या गाण्यांची सीडी आणली होती. ती ऐकली आणि — कसं सांगू? ठेका पायांना ओढणारा, आणि त्यावर एक बाई जणू देवाला हाका मारतेय. शब्द कळत नव्हते. पण ती कशातून तरी सुटायला धडपडतेय, एवढं कळत होतं. रडणं आणि नाचणं असं एकत्र होऊ शकतं?

मलाही तसं करायचं होतं. आणि माझ्याकडे शेवंताचा ढावलो होता — बंजाऱ्यांची नवरी सासरी निघताना माहेरच्यांच्या गळ्यात पडून रडत गाते, ते गाणं. शेवंता जवळच्या तांड्यावरची पोर; तिच्या लग्नात स्पीकर माझाच होता, तेव्हा मी ते टेप केलं होतं. कुणाला विचारलं? कुणालाच नाही. शब्द कापले, नुसती हाक ठेवली, ती डर्बनच्या ठेक्यावर चढवली. वरातीत पोरं बेभान झाली. "ओ साउंडवाले, आफ्रिकावालं लावा की!"

पुढं शेवंता पहिल्याच बाळंतपणात गेली. मग एकदा तिचा भाऊ गुलाब आईला घेऊन दुकानात आला.

"भाऊ, खरं सांगा. वरातीतलं ते गाणं — आमची शेवंताच हाय ना?"

नवरीच्या रडण्यावर मी दारुडे नाचवले, हे तांड्याला कळलं तर? मी सीडीचं कव्हर पुढं केलं.

"न्हाई रे. ही बघ, ही बाई हाय. देवाला हाका मारून राहिली."

म्हातारीनं त्या फोटोवरून बोट फिरवलं. "काहून रडून राहिली गं माय? तुहंबी माहेर सुटलं का?"

त्यानंतरही लोक तेच गाणं मागत. बंद करावं तर का केलं, विचारतील. लावावं तर — ती रडतेच आहे. किती वराती मी त्या स्पीकरमागं कोंडल्यासारखा उभा राहिलो! दुकान मोडलं, तरी मूळ कॅसेट कपाटात होतीच.

शेवटी ती घेऊन तांड्यावर गेलो. याडीला — तिथं आईला याडी म्हणतात — आता ऐकू येत नव्हतं. कॅसेट लावून काय उपयोग? ती तिच्या हातात दिली. कानाशी तोंड नेऊन हळूच बोललो. तिला कळेना. मग ओरडावं लागलं. दारादारांतून माणसं बाहेर आली.

"याडी, ती शेवंताच होती! मी खोटं बोललो, याडी! माझं चुकलं!"