सेतुरावांचा उंजल

म्हातारी माणसं खेळायला लागली की स्कोअर कुणाला आठवत नाही, फजित्या मात्र साठत जातात. आम्ही दर बुधवारी सकाळी मॉलमध्ये बोलिंगला जातो. जड बॉल लेनवरून सोडायचा आणि टोकाच्या पिना पाडायच्या, एवढंच. पण हात कसा सोडायचा, यावरच आमचं अर्धं आयुष्य चाललंय!

शिकवणारे सेतुराव. चेन्नईजवळ अंबत्तूरच्या कारखान्यात ते माझे फोरमन होते. घराणं तंजावरचं, त्यामुळे मराठी जुनी आणि मधूनमधून तमिळ. घरातल्या लाकडी झोपाळ्याला ते उंजल म्हणतात.

"हात म्हणजे उंजल. खांद्याला टांगलाय. मागे जाऊ दे, आपणच पुढे येईल. कोपर वाकवू नको!"

* * *

दिनकर क्रिकेटवाला. पहिल्याच दिवशी त्याने बॉल पँटवर घासला आणि लांबून धावत आला. हात मागे गेला, बॉल तिथेच सुटला! आम्ही सगळ्यांनी पाय वर घेतले. बॉल कॉफीच्या टेबलाखाली जाऊन थांबला.

सेतुराव शांतपणे म्हणाले, "दिनकरा, पिना पुढे आहेत."

* * *

माझी गोष्ट वेगळी. सगळी नोकरी लेथ मशीनवर गेली. बॉल सुटायच्या क्षणी मनगट आपोआप वळायचं, जणू हातात लेथचं चाकच आहे. बॉल थेट लेनच्या कडेच्या पन्हळीत, डाव्या गटरमध्ये!

"अय्यो माधवा, रिटायर झालास. कारखाना बंद कर!"

* * *

कमळाअक्का, म्हणजे सेतुरावांची बायको, नुसती डबा घेऊन यायची. एकदा आग्रहाने उठवलं. तिने पदर खोचला, हात सोडला आणि सगळ्या पिना आडव्या!

सेतुराव बघतच राहिले. "कुठे शिकलीस?"

"रोज तुमचंच ऐकते की. आता इडली खा."

* * *

यंदा पोंगलनंतर सेतुरावांना अर्धांगाचा झटका आला. वाचा वाचली, उजवा हात मात्र लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, "येईलही. सांगता येत नाही."

काही महिन्यांनी अक्का त्यांना घेऊन यायला लागली. खुर्चीत बसायचे, हात मांडीवर. बोलता येत होतं, पण बोलतच नसत. माझं मनगट वळायचं, मी आशेने मागे बघायचो. काही नाही. त्या शांततेत खेळ गोड लागेना.

मग परवाच्या बुधवारी ते आपणहून उठले. लहान मुलांचा हलका बॉल मागितला. अक्काने त्यांच्या उजव्या हाताची बोटं बॉलच्या भोकांत बसवली. हात थोडा मागे गेला, थरथरला आणि पुढे आला. बॉल रांगत रांगत निघाला आणि अर्ध्या वाटेत गटरमध्ये पडला.

आम्ही केवढ्याने ओरडलो! काउंटरवरची पोरगी धावत आली. दिनकर तर रडायलाच लागला. "हात आला! सेतुराव, हात आला!"

सेतुराव वळले. आमच्याकडे रागाने बघत म्हणाले,

"पोदुम! पुरे! ओरडता काय? कोपर वाकलं, ते एकानेही बघितलं नाही?"