हेडबाईंनी न दिलेलं मत

हेडबाई प्रत्येक अर्ज मोठ्याने वाचत, अगदी खालच्या सहीसकट. आम्ही सगळ्यांनी तो आधीच ईमेलवर वाचलेला असे, तरीही. "लिहिणाऱ्याने वेळ काढलाय, तर आपणही काढू," एवढंच त्यांचं म्हणणं. लिमरिक या आयरिश शहराजवळच्या आमच्या गावाची ती समिती. गावाचं अंदाजपत्रक तपासायचं आणि जुन्या वास्तूंसाठीचा निधी कुणाला द्यावा ते ठरवायचं, हे तिचं काम. हेडबाई अध्यक्ष आणि निवृत्त मुख्याध्यापिका. झूमवर त्यांचा आवाज ऐकून माझ्या बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण रे ही हेडबाई?" तेव्हापासून आमच्या घरात हेच नाव.

मला समितीत त्यांनीच ओढलं. २०२० च्या उन्हाळ्यात दुकानाबाहेरच्या रांगेत त्या माझ्यापुढे दोन मीटरवर उभ्या होत्या. "कारखान्यात काय करतोस?" त्यांनी वळून विचारलं. "दुसऱ्यांच्या चुका शोधतो," मी म्हणालो. "ग्रँड. मंगळवारी सात वाजता ये."

अंदाजपत्रकात 'इतर' हा शब्द त्यांना खपत नसे. "इतर नावाचं कुणी मला या गावात भेटलेलं नाही," असं म्हणून त्या तो कागद परत पाठवत.

त्या ऑक्टोबरात दोन अर्ज आले आणि पैसे एकालाच पुरणारे होते. पहिला अर्ज जुन्या शाळेच्या छपराचा. त्या शाळेत हेडबाईंचा उभा जन्म गेलेला. दुसरा एका वयस्क शेतकऱ्याचा, हाताने लिहिलेला. त्याच्या रानाच्या कडेला किलीन होतं. बाप्तिस्मा होण्याआधी दगावलेल्या बाळांना पूर्वी चर्चच्या आवारात जागा नसे, त्यांना अशा कोपऱ्यात पुरत. तिथला दगडी कुंपणाचा गडगा ढासळला होता.

"युअर मॅनने अंदाजखर्चसुद्धा जोडलेला नाही," समितीतला हॉटेलवाला त्या शेतकऱ्याबद्दल इथल्या बोलीत म्हणाला. "बाद करू." नियमाने त्याचं बरोबर होतं.

"मुदत संपायला चार दिवस आहेत," हेडबाई म्हणाल्या. "आधी बघून येऊ."

साथीमुळे घरापासून पाच किलोमीटरची मर्यादा होती, जागा त्याच्या आत. आम्ही दोघं अंतर ठेवून चालत गेलो. ओल्या गवतात वीतभर उंचीचे दगड होते, एकावरही नाव नव्हतं आणि मधून गुरांचे खूर उमटलेले. हेडबाई एका कोपऱ्याकडे बघत म्हणाल्या, "माझा भाऊ इथे आहे. वडिलांनी खोक्यातून आणला होता."

"मग प्रश्नच मिटला," मी म्हणालो.

"मिटला कसा? आता मला मत देता येणार नाही."

"पण हे कुणालाच माहीत नाही."

कॉपी करणाऱ्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत आहे ना?"

एका गवंड्याकडून मी शेतकऱ्याला अंदाजखर्च मिळवून दिला. पुढच्या बैठकीत हेडबाईंनी भावाची गोष्ट दोन वाक्यांत सांगितली, सूत्रं दुसऱ्याकडे दिली आणि स्क्रीनवरचा त्यांचा चौकोन नाहीसा झाला. उरलो पाच जण. दोन मतं शाळेला पडली, त्यात हॉटेलवाल्याचं एक, दोन किलीनला. शेवटी मी. "मी बघून आलोय," मी म्हणालो. "गुरं त्या बाळांवरून चालतात." आणि मत दिलं.

निकाल सांगायला फोन केला, तर त्यांनी आधी शाळेचंच विचारलं. "छपराचं काय?" "पुढच्या वर्षी," मी सांगितलं. "मग या हिवाळ्यात वर्गात बादल्या ठेवाव्या लागतील," त्या म्हणाल्या. आभार मानले नाहीत. मला ते आवडलं.

नव्या वर्षात त्यांनी अध्यक्षपद सोडलं. गुडघे थकले होते. निर्बंध सैल झाल्यावर मुलगी त्यांना आपल्याकडे, समुद्राकाठच्या डून लेरीला घेऊन गेली.

गडगा पूर्ण झाला २०२१ च्या उन्हाळ्यात. मी बघायला गेलो तर हॉटेलवाला तिथे म्हाताऱ्या आईला धरून उभा होता. आई दगडांकडे बघत म्हणाली, "माझ्या दोन मुली." त्याने मान खाली घातली.

घरी येऊन मी हेडबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"त्याला ठाऊक होतं?"

"नाही. आजच कळलं."



"त्याच्या आईला बसायला काही होतं का तिथे?"

"नव्हतं. उभीच होती."

"मग बाक लागेल," हेडबाई म्हणाल्या.