कानाची ऊब

आचऱ्याच्या किनाऱ्यावर आमचं घर आहे. बाबा रापणीवर जातात. रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धगोल टाकायचं मोठं जाळं, मग त्याचे दोर दोन्ही बाजूंनी माणसांनी किनाऱ्याकडे ओढायचे. ओढणारे कमरेभर पाण्यात उभे असतात. थंडीच्या दिवसांत, उन्हं यायच्या आधी, ते पाणी पायांना चावतं.

जाळं वर आलं की बाबांचे जोडीदार काका पिशवीतून बाटली काढायचे. काजूची दारू, गोव्याहून आणलेली. पहिले दोन थेंब वाळूत, किनारा सांभाळणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या नावाने. मग स्टीलचा एकच कप हातोहात फिरायचा. बाबा कप रिकामा करायचे, ओला सदरा काढून खांद्यावर टाकायचे आणि मला बोलवायचे, "चेडवा, हात हाड." म्हणजे पोरी, हात आण.

मी माझे गारठलेले तळवे त्यांच्या कानांवर ठेवायचे. कान खरंच तापलेले असायचे. लहानपणीची थंडी आठवली की मला अजून ते कान आठवतात. खाऱ्या पाण्याचा वास, वाळूत फडफडणारे बांगडे, आणि माझ्या हातांत हळूहळू भरणारी ऊब. दारूने अंग तापतं याचा याहून मोठा पुरावा मला कधी लागला नाही.

मी अकरावीत असताना एका सकाळी कप घेतल्यावर बाबा उघड्या अंगाने परत पाण्यात गेले. होडी खोल पाण्यात नेऊन बांधायची होती. बराच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा ओठ निळे पडले होते आणि बोटं वळत नसल्याने दोराची गाठ तशीच राहिली होती. ते नीट बोलतही नव्हते.

"तेका आणखी दी गो, अंग थंड पडला," काका मला म्हणाले.

मी कप भरला आणि बाबांच्या ओठांना लावला. त्यांना घरी आणून गोधड्यांत गुंडाळलं, दुपारी ते उठून जेवले. सगळे म्हणाले, दारूने वाचवलं. मीही तसंच समजत होते.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. दुसऱ्या वर्षाला शरीरशास्त्राच्या तासाला सरांनी सांगितलं की दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. आतलं गरम रक्त वर येतं, माणसाला ऊब वाटते, आणि तीच ऊब अंगातून बाहेर निघून जाते. बाकीची मुलं लिहून घेत होती. मी लिहू शकले नाही. इतकी वर्षं मी बाबांच्या कानांवरून जी ऊब घेत होते, ती त्यांच्या आतली होती. आणि त्या सकाळी तो दुसरा कप मी दिला होता.

नाताळच्या सुट्टीत घरी आले. बाबांना सांगायचं ठरवून आले होते, पण तीन दिवस तोंडाशी येऊन परत गेलं. ज्यांनी मला पोहायला शिकवलं त्यांना मी पाण्याबद्दल काय सांगणार? चौथ्या दिवशी रापण लागली. जाळं वर आलं, बाटली निघाली. होडी अजून बांधायची होती. बाबांनी सदरा काढला आणि कप हातात घेतला.

"बाबानु, आत्ता घेव नकात. होडी बांधून येवा, सुको सदरो घाला, मगे काय ता."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"बघलंस? बापाशीक शिकवता ही!" काका म्हणाले. "कॉलेजात ह्यांच शिकवतत काय गो? चाळीस वर्सां घेतंय मी, अजून जितो आसंय."

मी काकांकडे वळले. "काकानु, घेतल्यार कातडी गरम लागता, पण आतली ऊब भायर जाता. थंड पाण्यात तर लवकर जाता."

"म्हणजे इतकी वर्सां आम्ही समुद्र तापवित होतो!" काका म्हणाले, आणि रापणीवरचे सगळे हसले.

बाबा हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मग कप तसाच काकांच्या हातात परत दिला आणि पाण्यात उतरले.

ते बाहेर आले तेव्हा कुडकुडत होते, पण गाठ मारून आले होते. मी टॉवेल आणि सुका सदरा दिला. घराकडे चालताना त्यांनी विचारलं, "तेव्हा माका थंडी भरली, ती ह्येच्यामुळे?"

"दारवेन ती वाढली. आनि दुसरो कप मीच दिलंय."

हे बोलताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"तुका खंय म्हायत होता?" ते म्हणाले. "माकाच म्हायत नाय होता. आता कळला तसा सांगलंस मां?"

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मगे खोकल्याक दारवेत गूळ घालून घेतत, ता?"

"त्येनी खोकलो जाणा नाय, बाबानु. झोप येता म्हणान बरा वाटता."

"आनि कोरी कॉफी घेतल्यार उतारता?"

"नाय. जागा रवतास, इतक्याच."

"घरची काजूची बाधना नाय म्हणतत."

"बाधता. दारू तीच."

बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "आनि आदी तळलेली मासळी खाल्ली तर चढना नाय, ता तरी खरा?"

"उशिरान चढता, इतक्या म्हायत आसा. पुढचा नक्की म्हायत नाय."

"मगे सरांका इचार," बाबा म्हणाले. "इचारून माका फोन कर."