त्याच्यासमोर नको

महाळुंगे पडवळच्या दूध डेअरीत कॉम्प्युटरवर बसणारा माणूस त्या कॉम्प्युटरसमोर कधी मोठ्यानं बोलत नाही. ‘या विंडोजचा सपोर्ट संपला आहे’ असं पडद्यावर आलं, तेव्हापासूनचं हे. मी विषय काढला, की तो माझा दंड धरून मला दाराबाहेर नेतो.

“भाऊ, त्याच्यासमोर नको. सगळ्या गावाचं दूध त्याच्या जिवावर हाय.”

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रं बंद करून पूजतात. त्यानं मात्र कॉम्प्युटर चालू ठेवूनच हळदकुंकू लावलं.

“बंद केला आन् परत उठलाच न्हाई तर?”

मी हसलो होतो.

काल माझ्या लॅपटॉपवर तोच निरोप आला. मी उठून अंगणात गेलो आणि हळू आवाजात त्याला फोन लावला.