एकशे बारा ठोके

आमच्या क्लासचे किस्से म्हणजे लूमखाली साचणारा कापूस. सकाळी झाडा, संध्याकाळी पुन्हा ढीग! आज बसलोच आहोत, तर थोडे सांगून टाकतो.

क्लास कांबळे सरांचा. शाळेतून रिटायर झालेले संगीत मास्तर. खाली सलीमभाईंचा कापड विणायच्या लूमचा कारखाना, वर सरांची खोली, खोलीत एक जुना पियानो. मी दापोड्याच्या गोदामात सुपरवायझर, चाळिशीत हे खूळ डोक्यात घेतलेला. दुसरी विद्यार्थिनी करुणा, दिघाशीची. तिचा बाप माझ्याच गोदामात माल उतरवतो. मुंबईच्या एका संगीत संस्थेत प्रवेशासाठी तिची ऑडिशन होती. जागा एकच उरलेली. वाजवायचा होता कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो एकटा आणि साथीला अख्खा ऑर्केस्ट्रा. भिवंडीत ऑर्केस्ट्रा मिळतो, पण हळदीचा! म्हणून सरांनी नुसत्या साथीचं रेकॉर्डिंग मिळवलं. ऑडिशनलाही तेच लागणार होतं.

* * *

पहिल्या दिवशी पाळी माझी. सुरुवातीला ऑर्केस्ट्राच वाजतो, पियानोवाला हात मांडीवर ठेवून बसतो. मी बसलो. बसूनच राहिलो! कुठे शिरायचं ते कळेना, घाम फुटला. चहा घेऊन आलेले सलीमभाई दारातून ओरडले, "अरे साब, बजाओ ना! बारात आगे निकल गयी!"

खरंच निघून गेली होती. साथीला माणसं असली की चुकलेल्याला सांभाळून घेतात. रेकॉर्डिंग कुणासाठी थांबत नाही.

* * *

रेकॉर्डिंग माझ्या फोनवरून लागायचं. एकदा करुणा अगदी नाजूक जागी पोचली होती. एकदम ऑर्केस्ट्रा गप्प, आणि स्पीकरमधून माझी रिंगटोन! घाबरून मी फोन उचलला. खोलीभर तिच्या बापाचा आवाज घुमला, "सायेब, पोरगी नीट वाजवतेय ना?"

सर म्हणाले, "वाजवत होती!"

* * *

पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. ऑडिशनला तीन आठवडे राहिले होते. करुणा एक सूर चुकत नव्हती. मधे एक जागा आहे, तिथे पियानो जवळजवळ मिनिटभर गप्प असतो आणि मग एकदम घुसतो. मी तिथे हटकून पडायचो, ती कधीच नाही.

एका शुक्रवारी सरांनी जादा तास घेतला. ती जागा आली. करुणा हात उचलून बसली. ऑर्केस्ट्रा तिला सोडून पुढे गेला, तरी ती तशीच!

"अगं, काय झालं?"

"सर, आज लूम बंद हाय."

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी! ही पोरगी इतके महिने ऑर्केस्ट्रा ऐकतच नव्हती. खोलीच्या बरोबर खालच्या लूमचे ठोके मोजत होती. एकशे बारा झाले की हात खाली!

सर मटकन खुर्चीत बसले. मुंबईच्या हॉलमध्ये लूम कुठून आणायचा? मला तर रडूच आलं. तिच्या बापाला काय सांगायचं, हाच विचार डोक्यात.

* * *

सलीमभाईंना कळलं तेव्हा ते वर आले. "मास्टर, रोज एक घंटा वो लूम बंद रखूँगा. लेकिन लड़की पास होनी चाहिए."

दुसऱ्या दिवसापासून ती आली की खालचा लूम थांबायचा. सर ओरडायचे, "लूम विसर! ऑर्केस्ट्रा ऐक!" ती चुकायची, डोळे पुसायची, पुन्हा वाजवायची. कारीगर खालून ओरडून विचारायचा, "हुआ क्या?" वरून सर ओरडायचे, "नहीं हुआ!" तिसऱ्या आठवड्यात एकदाचं झालं. लूमशिवाय, ऑर्केस्ट्रा ऐकून, रोज बरोबर.

* * *

ऑडिशन बुधवारी. दाराबाहेरच्या बाकावर सर, सलीमभाई आणि मी. दार अर्धवट उघडं होतं. आत ती वाजवत होती.

ती जागा आली. पियानो थांबला. ऑर्केस्ट्रा चार पावलं गेला असेल, आणि स्पीकर बंद! वायर सैल झाली होती. ऑपरेटर धावला. आत चिडीचूप. रेकॉर्डिंग तिकडे मशीनमध्ये पुढे सरकतंय, ऐकू मात्र काहीच येत नाही. सरांनी माझं मनगट गच्च धरलं. "गेलं," ते पुटपुटले. "मीच तिला लूम विसरायला लावला!"

सलीमभाईंचे डोळे मिटलेले. एक बोट गुडघ्यावर पडत होतं, एका लयीत. ओठ हलत होते. "एक सौ नौ... एक सौ दस... एक सौ ग्यारह..."

बोट पडलं आणि आत पियानो घुसला!

दोन क्षणांनी स्पीकरही खरखरत जागा झाला. पियानो आणि ऑर्केस्ट्रा बरोबर एका जागी!

वाजवून झाल्यावर परीक्षक बाईंनी आधी करुणाच्या नावापुढे 'प्रवेश' लिहिलं, मग पेन खाली ठेवून विचारलं, "साथ बंद पडली होती. तू काय ऐकत होतीस?"

करुणा म्हणाली, "मॅडम, आज शुक्रवार न्हाय. लूम चालू हाय."