धुळाजीचा नवस

घाटनांदूरच्या आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये गाणं सत्यशीलाबाई उचलायची आणि ढोलकी मी वाजवायचो. माझा ताल चुकला की ती गाता गाताच डोळे वटारायची. तिच्या गळ्यात कॅन्सरची गाठ निघाली, ऑपरेशनमध्ये आवाजही जाऊ शकतो असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून मी ढोलकीला हात लावला नाही. प्रार्थनेला तिच्या घरी जायचो तेव्हा आम्हीच रडायचो आणि तीच आम्हाला चहा पाजायची.

"बाई, तुमाला भीती न्हाई वाटत?" मी एकदा विचारलं.

"लई वाटते. रोज पहाटे येशूला सांगते, गाठ तुझ्या हाती, आवाज तुझ्या हाती, पण ही भीती तेवढी आधी ने. अर्धी नेलीय त्यानं."

ऑपरेशन झालं. गाठ पुरती निघाली, पुढच्या तपासण्याही चांगल्या आल्या. आवाज घोगरा झाला, पण राहिला. आमच्या जिवात जीव आला. रविवारी उपकारस्तुतीची सभा ठेवली. पाळकसाहेब बोलायला उभे राहिले तोच दारात बें-बें! सत्यशीलाबाईचा शेजारी धुळाजी, मेंढरं राखणारा माणूस, हळद लावलेलं बकरं घेऊन उभा.

"बाईसाठी तुमच्या देवाला नवस बोललतो. कुठं कापायचं?"

पाळकसाहेब गडबडले. "अहो, आमचा देव बकरं घेत नाही."

मला हसू आवरेना. धुळाजीचा चेहरा मात्र उतरला. "असं कसं? शब्द दिलाय म्या. नवस फेडला न्हाई अन् बाईचं दुखणं माघारी आलं तर?"

त्यानं दोरी मुठीत घट्ट आवळली. माझं हसू तिथंच विरलं.

सत्यशीलाबाई उठली आणि तिनं त्याच्या मुठीवर हात ठेवला. "भाऊ, त्यानं माझा जीव राखला, मग ह्या बकऱ्याचा कशाला घील? तुमी दिलं, त्याला पावलं. आता घरी नेऊन सांभाळा. तुमच्या शब्दापायी मला काई व्हणार न्हाई."

मग तिनं डोळे मिटले. "प्रभू, माझी भीती नेलीस, आता ह्या माझ्या भावाचीबी ने."

आम्ही आमेन म्हणालो. धुळाजीनं बकरं दाराशी बांधलं आणि मागच्या सतरंजीवर निवांत बसला. बाईनं त्या घोगऱ्या आवाजात गाणं उचललं. मी घाईघाईत ढोलकी ओढली आणि पहिल्याच ओळीला चुकलो.

तिनं डोळे वटारले. मला इतकं बरं वाटलं, की दुसऱ्या ओळीलाही चुकलो.