रुळाचा तुकडा आणि पाटलांचे बैल

माझ्या शिलाई मशीनखाली चिंध्या साठतात, तसे हे किस्से माझ्याकडं साठले आहेत. एकही चिंधी कामाची नसते, पण टाकवत नाही. आमची मंडळी म्हणजे हिंगोलीहून कळमनुरीकडं जाताना लागणाऱ्या एका गावातली चार ख्रिस्ती घरं. गावात पाद्री नव्हता. कडुनिंबाखाली प्रार्थनेची एक मातीची खोली होती, आणि तिला लागून राहेलमावशीचं घर. मावशी विधवा, पौलस तिचा एकुलता एक मुलगा.

*

पाद्रीसाहेब दोन-तीन महिन्यांनी बैलगाडीनं यायचे. एकदा त्यांनी द्राक्षवेलाचा दाखला सांगितला. प्रभू वेल, आपण त्याच्या फांद्या. द्राक्षाचा वेल आमच्यात कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळं आम्ही सगळे मनात दोडक्याचा वेल धरून ऐकत होतो.

"सांगा," साहेब म्हणाले, "फांदी वेलापासून तुटली, तर तिचं काय होतं?"

मागून राहेलमावशी म्हणाली, "शेळी खाती!"

साहेबांना 'वाळते' असं उत्तर हवं होतं. त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "बराबर आहे, बाई. वाळायलाही वेळ मिळत नाही."

*

पुढच्या खेपेला साहेब हिंगोली स्टेशनावर पडून असलेला रुळाचा एक तुकडा मागून घेऊन आले. तो निंबाला टांगला. तिसऱ्या प्रहरी निंबाची सावली खोलीच्या उंबऱ्याला लागली, की मावशीनं पहारीनं रूळ वाजवायचा. ज्यानं त्यानं असेल तिथं थांबायचं, हात जोडून प्रभूची प्रार्थना म्हणायची आणि आमेन म्हणून पुन्हा कामाला लागायचं. म्हणजे साहेब नसले तरी आमचं प्रभूशी रोज जोडलेलं राहील!

पहिल्याच आठवड्यात आमच्या मंडळीतला याकोब चिंचा पाडायला झाडावर चढला होता. रूळ वाजला. याकोबनं दोन्ही हात जोडले!

पाय मोडला तो कायमचा. पुढं काठी टेकत तो प्रार्थनेला आला, तेव्हा मी म्हटलं, "काहून रे, एका हातानं फांदी धरायची ना?"

"दादा, फांदी धरावी का प्रभूला धरावं, तेवढ्यात सुचलं न्हाई."

*

शिमोन हा पाटलांचा सालगडी. मोट हाकताना रूळ वाजला की तो बैल थांबवायचा, डोक्याचा पटका काढायचा, प्रार्थना म्हणायचा. काही महिन्यांत असं झालं की रूळ वाजला, की बैल आपले आपणच थांबायचे. मोट विहिरीत अर्ध्यावर लोंबकळत राहायची.

एकदा पाटील तिथंच उभे होते. त्यांनी बैलांना हाकललं, शिव्या दिल्या, चाबूक ओढला. बैल हलेनात. शिमोननं डोळे उघडले, "आमेन" म्हटलं आणि बैल चालू लागले.

पाटील ओरडले, "शिम्या, माझे बैल बाटवलेस व्हय रे!"

"न्हाई मालक. त्यांला तेवढाच विसावा भेटून राहिला."

*

लढाई सुरू झाली आणि पौलस फौजेत गेला. निघताना मावशीला म्हणाला, "आई, तू वाजवत जा. मी असंन तिथं थांबत जाईन. म्हणजे आपलं तुटायचं न्हाई."

पुढं त्याच्या पलटणीतला एक जण रजेवर आला. तो तक्रारीच्या सुरात सांगू लागला, "मावशे, तुझं पोरगं परेडीत चालता चालता मधीच थांबतंय. मागचे त्याच्यावर आदळतेत. हवालदार रोज शिक्षा करून राहिला."

मावशीचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे ऐकू येतंय त्याला!"

*

पौलसची पलटण ब्रह्मदेशात गेली, त्या पावसाळ्यानंतर हिवतापानं गाव झोपलं. याकोबचं लेकरू गेलं, शिमोनची बायको गेली. मावशी तापानं फणफणलेली, म्हणून त्या दिवशी रूळ मी वाजवला. पाणी द्यायला आत गेलो, तर बाजेवरून तिनं डोळे न उघडताच म्हटलं, "दादा, लई हळू वाजवलंत. ब्रह्मदेशापर्यंत जायाचंय ते."

मी परत बाहेर जाऊन वाजवला.

*

लढाई संपली. पौलसच्या पलटणीतले जगले-वाचलेले घरी आले. पौलस आला नाही. कुणी म्हणे नदीत गेला, कुणी म्हणे रानात. शेवटी पाद्रीसाहेब आले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"राहेलबाई, पौलस आता प्रभूजवळ आहे. रोज एवढी तकलीफ घेऊ नका."

मावशी पदर खोचून उठली. सावली उंबऱ्याला लागली होती.

"प्रभूजवळ हाय ना? मग तिथंबी ऐकू जात असंल. सरका जरा."

*

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात सगळीकडं लुटालुटीची भीती होती. शिमोन आणि आणखी एक घर वऱ्हाडाकडं निघून गेलं. एके दिवशी हत्यारबंद माणसं गावात शिरली आणि जाताना लोखंड म्हणून आमचा रूळही काढून घेऊन गेली. निंबाला नुसती साखळी राहिली.

मावशी रडली नाही. "तुटलं आता," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी चूल पेटली नाही, म्हणून मी भाकरी घेऊन गेलो. ती भिंतीकडं तोंड करून बसली होती. सावली उंबऱ्याला लागली, उंबरा ओलांडून आत आली. मी म्हटलं, "मावशी, प्रार्थना करू या."

"तुमी करा. माझं आता कोण ऐकतंय."

तेवढ्यात दारात पाटील उभे. शिमोन गेल्यापासून मोट तेच हाकत होते. अंग घामानं निथळत होतं, चाबूक हातात.

"बाई, ऊठ. रोजच्या वेळेला बैल थांबलेत."

मावशी वळली. "रूळ न्हाई आता, मालक."

"मला काय सांगतीस? त्यांला सांग! मोट मधी लटकलीय, ऊस वाळून राहिला." मग माझ्याकडं न बघता, आवाज खाली घेऊन म्हणाले, "आमेन म्हणून पाहिलं मी. दोनदा. न्हाई हालत."

मावशी उठली. आम्ही तिच्या मागं विहिरीवर गेलो. दोन्ही बैल उतारावर मान खाली घालून उभे होते. तिनं एकाच्या वशिंडावर हात ठेवला आणि प्रार्थना म्हटली. सबंध, सावकाश. पौलसचं नावही घेतलं. पाटलांनी पटका काढून काखेत धरला होता.

"आमेन," मावशी म्हणाली.

बैल चालू लागले. मोट वर आली, पाणी पाटात पडलं. पाटलांनी पटका पुन्हा बांधला आणि बैलांच्या मागं जाता जाता ओरडले, "उद्या जरा लवकर निघ घरून! उन्हात उभं राहावं लागतंय त्यांला!"